बारा वड्या आणि स्वयंपाकघरातलं टेबल

मी मुळात तैलरंगवाली. मार्च २०२० मध्ये स्टुडिओला कुलूप लागलं. घरात आईला दमा, त्यामुळे बंद खोल्यांत तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची बाटली उघडणं शक्यच नव्हतं. नाइलाजानं ही बारा हाफ पॅनची (म्हणजे वाळवलेल्या रंगाच्या छोट्या वड्यांची) जलरंगाची पत्र्याची डबी मागवली. दोन वर्षं जवळजवळ रोज वापरली, तेव्हा लिहायचा हक्क आहे असं समजते.

पहिलं कौतुक रंगांचं नाही, डबीचं. सगळे चोवीस तास घरात; टेबल माझ्या वाट्याला यायचं ते मुलांच्या दोन ऑनलाइन तासांच्या मध्ये, वीसेक मिनिटं. तैलरंगात तेवढा वेळ मांडामांडीतच जातो. इथे झाकण उघडलं, वड्यांवर दोन थेंब पाणी सोडलं की काम सुरू. डिंकात घोटलेला रंग वाळला तरी पाण्यानं पुन्हा विरघळतो. म्हणून मी झाकणातलं मिश्रण कधी पुसलंच नाही. काल अर्धवट सुटलेला करडा आज तिथेच असायचा, आणि काय काढू हा प्रश्नच पडायचा नाही.

तो करडा अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना ह्या तांबूस तपकिरीचा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पावसाळी आकाश आपोआप दाणेदार उतरतं. ह्या दोनच वड्या आधी संपल्या. मग ट्यूबमधला रंग त्याच खाचांत भरून वाळवला. छान चाललं. (साध्या ड्रॉइंग वहीवर करून डबीला नावं ठेवू नका. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) सुती कागद घ्या, हवा तर लहान तुकडा.)

पांढरी वडी मात्र कशाला दिलीय कोण जाणे. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. सोबतच्या ब्रशचे केस आठवड्यात गळाले.

खरा राग किरमिजीवर. पत्रकात बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३ लिहिलाय, म्हणजे अस्सल अलिझारिन, उजेडात उडणारा. मी ते वाचलं उशिरा. मग एक पट्टी रंगवून, अर्धी पुठ्ठ्यानं झाकून तीन महिने खिडकीत ठेवली. उघडा भाग फिकट गुलाबी झाला. त्या जागी उजेडात टिकणारा पीव्ही १९ क्विनाक्रिडोन बसवा आणि डबी खुशाल घ्या.

मी काढलेली आईची तेव्हाची सहा चित्रं त्याच किरमिजीत आहेत. ती मी भिंतीवर लावत नाही, वहीत मिटून ठेवते.