क्योटोच्या शेवाळाच्या देवळाचं खोटं बुकिंग, आमचे ४१ हजार गेले, तुम्ही सांभाळा

मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघं जपानला गेलो होतो, मी, नवरा आणि माझे आईबाबा. आता डिसेंबर-जानेवारीपासून मार्चच्या साकुराची, म्हणजे चेरीच्या बहराची बुकिंगं सुरू होतील आणि बरेच जण नेमके त्याच ठिकाणी अडकतील जिथे आम्ही अडकलो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

बाबांची जपानमधली एकच मागणी होती, साइहोजी. क्योटोच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी असलेलं हे देऊळ, लोक त्याला कोकेदेरा म्हणतात, म्हणजे शेवाळाचं देऊळ. मुसो सोसेकी नावाच्या झेन भिक्षूने १३३९ मध्ये तिथली बाग नव्याने उभी केली, आज तिथे १२० च्या आसपास प्रकारचं शेवाळ आहे असं सांगतात. आमचं घर चिपळूणजवळ, पावसाळ्यात अंगणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर जे हिरवंगार शेवाळ चढतं ते बाबा कधी कुणाला खरवडू देत नाहीत, त्यामुळे त्यांना ही बाग का बघायची होती हे मला सांगायची गरज नव्हती.

आता या देवळात असंच जाऊन शिरता येत नाही. गर्दीने शेवाळाची वाट लागायला लागली म्हणून १९७७ पासून आधी अर्ज करूनच प्रवेश. आता ऑनलाइन बुकिंग होतं, माणशी ४००० येन, आपले सव्वादोन हजाराच्या आसपास. मी देवळाच्या स्वतःच्या साइटवर गेले तर आमच्या तिन्ही तारखा फुल्ल. नोव्हेंबर म्हणजे मोमिजीचा, लाल पानांचा सीझन, फुल्ल असणारच. तिथेच थांबायला हवं होतं. पण बाबांना नाही कसं सांगायचं म्हणून मी रात्री साडेअकराला परत सर्च करत बसले आणि सगळ्यात वर एक साइट आली, नावात देवळाचं नाव, फोटो तेच, खाली तळ्याचा आणि शेवाळाचा व्हिडिओ, आणि आमच्या तारखेला हिरव्या अक्षरात 'चार जागा शिल्लक'. त्या नावावर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं होतं ते मी नंतर पाहिलं.

माणशी ८५०० रुपये. म्हटलं शेवटच्या क्षणी घेतोय, एजंटचा कोटा असेल, आपल्याकडे नाही का तत्काळला जास्त पडतात. पैसे भरताना त्यांनी अजून एक पॅकेज पुढे केलं, फुशिमी इनारी हे देवस्थान आणि अराशियामाचं बांबूचं बन, 'रांगेशिवाय प्रवेश', माणशी १९०० रुपये, तेही घेतलं. एकूण ४१,६०० रुपये क्रेडिट कार्डवर. दोन मिनिटांत क्यूआर कोड असलेली पीडीएफ आली, चौघांची नावं, देवळाचा फोटो, वेळ सकाळी १०.

पहिली शंका फुशिमी इनारीलाच यायला हवी होती. क्योटो स्टेशनवरून नारा लाइनने इनारी स्टेशनला उतरलं की समोरच मोठा तोरी दरवाजा आहे, मी फोनवर क्यूआर उघडून ठेवलेला, आणि स्कॅन करायला कुणीच नाही. काउंटर नाही, गेट नाही, लोक सरळ आत चाललेत. ते चोवीस तास उघडं असतं आणि पूर्ण फुकट आहे. बांबूच्या बनाचंही तेच, तो चक्क रस्ता आहे, त्याला कसलं तिकीट. नवरा म्हणाला जाऊ दे, साइहोजीचं नीट झालं की बास.

दुसऱ्या दिवशी कामिकात्सुरा स्टेशनला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलो, आईचे गुडघे दुखतात तरी ती आली. गेटपाशी एक वयस्कर गृहस्थ कागदावरची छापील यादी घेऊन उभे होते. त्यांनी आमचा क्यूआर पाहिला, मग यादीत बोट खाली नेत नेत आमची नावं शोधली, एकदा नाही तीनदा. मग फोनवर भाषांतर करून आम्हाला दाखवलं की हे बुकिंग आमचं नाही, माफ करा. आणि कमरेत वाकले. त्यांचा काडीचा दोष नसताना ते माफी मागत होते आणि मला रडू फुटलं. बाबा काही बोलले नाहीत, गेटच्या बाहेर भिंतीच्या कडेने जे थोडं शेवाळ दिसत होतं ते बघत उभे राहिले.

हॉटेलवर येऊन कार्डचं स्टेटमेंट पाहिलं तर पैसे घेणाऱ्याचं नाव साइटच्या नावाशी जुळतच नव्हतं आणि देशही जपान नव्हता. त्याच रात्री बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं, डिस्प्यूट टाकला, आणि आपल्या सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरली (भारतात असाल तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकं अवघड). देवळाला ईमेल केला, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं की या नावांचं बुकिंग नाही. तो ईमेल बँकेत सगळ्यात जास्त कामी आला, त्यामुळे असं काही झालं तर देवळाकडून लेखी घ्याच. अडीच महिन्यांनी साइहोजीचे ३४,००० परत आले. बाकीचे ७,६०० गेले, कारण अटींमध्ये खाली कुठेतरी लिहिलेलं की हे तिकीट नसून 'डिजिटल गाइड' आहे, आणि एक पानभर माहितीची लिंक त्यांनी पाठवलेली होती. म्हणजे फुकटच्या जागेची तिकिटं विकायची आणि कायद्यातूनही सुटायचं. याचा मला जास्त संताप येतो.

क्योटोत तिकीट असतं तिथेही ते बहुतेक दारातच मिळतं. किंकाकुजी देऊळ ५०० येन, र्‍योआनजी ६००, आगाऊ काही लागत नाही. गोशो म्हणजे जुना राजवाडा फुकट. कात्सुरा राजवाड्याच्या बागेला मात्र बुकिंग लागतं, १००० येन, पण ऑनलाइन करायचं तर ते राजघराण्याच्या सरकारी खात्याच्या साइटवरच करायचं, साइटच्या पत्त्याच्या शेवटी गो डॉट जेपी असतं आणि ते फक्त जपानच्या सरकारी संस्थांनाच मिळतं. देवळांचे पत्ते मात्र वेगवेगळे असतात, नुसत्या पत्त्यावरून कळत नाही, त्यासाठी शहराची क्योटो डॉट ट्रॅव्हल ही अधिकृत पर्यटन साइट आहे, तिथून देवळाच्या लिंकवर जा. सर्चमधून जाऊ नका. आणि देवळाच्या साइटवर फुल्ल दिसत असेल तर 'जागा शिल्लक' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर विश्वास ठेवू नका.

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही बाबांना क्योटोतल्याच सागानो भागातल्या गिओजीला नेलं. छोटंसं, गवताने शाकारलेलं देऊळ, पुढे सगळं शेवाळच, वर लाल पानं पडलेली, तिकीट दारातच घेतलं. बाबा तिथे तासभर बसले. तरी साइहोजी राहिलंच.

परवा सहज परत शोधलं तर ती जुनी साइट बंद झालीये, पण वेगळ्या नावाने तोच तळ्याचा व्हिडिओ, तीच हिरवी अक्षरं, आणि एप्रिलच्या तारखांना चार जागा शिल्लक.