लिक्विड कूलर, नवा पीस, बॉक्स नाही

आमच्या जळगावात कूलर म्हटलं की गवताचा कूलर. होळी झाली की तो गच्चीवरून उतरवायचा, गवत बदलायचं, पंपाची घरघर ऐकत चार महिने काढायचे. त्यामुळे कॉम्प्युटरचा दुकानदार मान हलवत म्हणाला, "भाऊ, कूलर बदलावा लागेल", तेव्हा मला आधी घरचाच कूलर आठवला. हा विनोद मला ९,८०० रुपयांना पडला.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, २०२१ मध्ये घेतलेलं. इंटेलचा आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवायला त्याच्याच डब्यात आलेला गोल पंखा. चार वर्षं कुरकुर नव्हती. गेल्या एप्रिलपासून मात्र एक्सपोर्ट (म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं) लावला की पंखा बोंबलायला लागायचा आणि तासाभराचं काम अडीच तासांवर जायचं. एका हळदीच्या व्हिडिओला तर मशीन दोनदा आपोआप बंद पडलं. बाहेर ४३ अंश, नवरीच्या काकांचे दिवसाला सहा फोन. कॅबिनेट उचललं आणि मार्केटमधल्या एका दुकानात नेऊन टाकलं.

तिथे जे झालं ते नीट सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. दुकानातल्या पोराने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला, आत हात घातला आणि "बघू दे" म्हणत काहीतरी फिरवलं. टक, टक, असा दोनदा आवाज आला. मग मशीन चालू केलं आणि बायॉसचा, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीचा, स्क्रीन माझ्याकडे वळवला. तापमान ६०, ७५, ९०, १००. डोळ्यांदेखत, दहा-पंधरा सेकंदांत. नुसत्या बायॉसमध्ये, काही काम चालू नसताना!

मालक जवळ आला. "प्रोसेसर जळायच्या बेतात आहे भाऊ. आपल्याकडचं ऊन बघा, ह्या हवेवाल्या पंख्याने काय होतंय? लिक्विड लावा. पाण्याने थंड राहतो." घाबरलेल्या माणसाला हे पटतं. घरातला कूलरही पाण्यावरच चालतो ना.

हिशेब असा झाला: लिक्विड कूलर ७,५००, 'प्रोसेसर सर्व्हिसिंग' १,२००, 'इम्पोर्टेड पेस्ट' (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता पोचवायला लावतात ती) ६००, फिटिंग ५००. बॉक्स मागितला तर म्हणाला, तो कंपनीला परत जातो. जुना पंखा 'स्क्रॅप' म्हणून ठेवून घेतला. बिल म्हणजे एस्टिमेटच्या पॅडवरचा कागद, त्यावर जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयने दिले, ते दुकानाच्या नव्हे तर कुणातरी बाईंच्या नावावर गेले. हे सगळं मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी दिले. हळदीचा व्हिडिओ अडला होता.

घरी आणल्यावर मशीन चालू केलं की आतून गुळगुळ आवाज. पहिल्याच एक्सपोर्टला तापमान ९६. फोन केला तर उत्तर तयार होतं: "मग प्रोसेसरच गेलाय. आय-सेव्हन टाकून देतो, तुमचा जुना एक्स्चेंजमध्ये घेतो." तिथे माझी ट्यूब पेटली. गेलेला प्रोसेसर हा एक्स्चेंजमध्ये का घेईल?

सुट्टीला भाचा आला होता, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून मशीन उघडलं. लिक्विड कूलरचा पंप प्रोसेसरवर चारऐवजी तीनच स्क्रूंवर बसवलेला, म्हणजे एका कोपऱ्यात बोट सरकेल इतका उचललेला. पंपाची वायर कॅबिनेटच्या पंख्याच्या पिनवर लावलेली. त्या पिनवर मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड) पंख्याचा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे पंपही रडतखडत चालत होता. तो पूर्ण वेगातच फिरायला हवा. पंप काढल्यावर तांब्याच्या चकतीवर ताजी राखाडी पेस्ट आणि तिच्याखाली, कडेला, जुन्या पांढऱ्या पेस्टचा खपली धरलेला थर. रेडिएटरच्या, म्हणजे पाण्यातली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, एका कोपऱ्यात तीन पात्या वाकलेल्या. नवा पीस म्हणे! असल्या बंद कूलरमधलं पाणी वर्षानुवर्षं नळ्यांतून थोडं थोडं उडून जातं, आत हवा शिरते आणि ती गुळगुळते. माझ्या गळ्यात कुणाचातरी उतरवलेला कूलर मारला होता.

मग त्याने मला एक गोष्ट समजावली, ती आधी माहीत असती तर मी त्या दुकानातून हसत बाहेर पडलो असतो. घरचा कूलर थंड करतो कारण पाणी गवतावरून उघड्यावर उडतं. कॉम्प्युटरच्या लिक्विड कूलरमधलं पाणी बंद नळीत फिरतं. ते प्रोसेसरची उष्णता उचलतं आणि रेडिएटरवर नेऊन टाकतं, तिथून ती पुन्हा पंख्याच्या हवेतच जाते. खोलीत ३७ अंश असतील तर त्याखाली तो काही नेणार नाही, आणि हवेवाला कूलरही नेणार नाही. ऊन दोघांना सारखंच. शिवाय एकाच १२० मिलिमीटर पंख्याचा रेडिएटर हा बऱ्या टॉवर कूलरपेक्षा (उभा, हवेवालाच कूलर) फार काही जास्त करत नाही.

आणि ते 'टक, टक'? इंटेलचा डब्यातला पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. खुंटी बाणाच्या दिशेने फिरवली की सुटते. पोराने दोन खुंट्या सोडल्या, पंखा प्रोसेसरवरून उचलला गेला, मग १०० यायला कितीसा वेळ लागणार? ह्या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंश आहे. तिथे पोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो, फारच झालं तर मशीन बंद करतो. माझं काम अडीच तासांवर गेलं ते त्यामुळे. म्हणजे तो जळत नव्हता, स्वतःला वाचवत होता. 'प्रोसेसर सर्व्हिसिंग' नावाचं तर काही नसतंच. ती सीलबंद चकती आहे, पुसण्यापलीकडे तिचं काय करणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात जाऊन आधी माझा जुना पंखा मागितला. काउंटरखालून निघाला, बऱ्याच पंख्यांच्या ढिगातून. त्याच्या पात्यांखाली कापसाच्या तंतूंची आणि धुळीची चक्क गोधडी बसली होती. आमच्याकडे जिनिंगचे कारखाने, वारा सुटला की तंतू उडतात, आणि मी कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवायचो. ही चूक माझी, ती दुकानदाराच्या माथी मारत नाही. खालची पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. घरी ब्रशने धूळ झटकली, ब्लोअर मारला (पंखा बोटाने धरून, नाहीतर तो गरगर फिरतो). जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली आणि समोरासमोरच्या खुंट्या आळीपाळीने दाबल्या. त्याच एक्सपोर्टला तापमान ८२. खर्च पेस्टच्या ट्यूबचा, तीनशेच्या आत.

८२ चालण्यासारखं होतं, पण आवाज नको होता, म्हणून पुढच्या महिन्यात १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घेतला, १,९०० रुपयांना, सीलबंद डब्यात, पक्क्या बिलावर. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तेवढा पुष्कळ झाला. घेताना दोनच गोष्टी मोजल्या. एक, सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा: माझा १२०० नंबरचा, त्याला जुने ११५१ वाले कूलर चालतात, पण नव्या १७०० सॉकेटची भोकं ७५ ऐवजी ७८ मिलिमीटरवर आहेत, तिथे कूलर बसवायची पट्टी वेगळी लागते. दुसरी, उंची: टॉवर दीडशे मिलिमीटरच्या पुढेमागे असतो, कॅबिनेट अरुंद असेल तर बाजूचा पत्रा बंद होत नाही. पट्टीने मोजून गेलो. आता एक्सपोर्टला ६८. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलंय, आकडे माझे मीच बघतो.

पैशांचं काय झालं? मालक आधी आवाज चढवून बोलला. भाच्याने शांतपणे पंपाचे फोटो, कच्चा कागद आणि यूपीआयची पावती काउंटरवर मांडली. म्हणाला, इथूनच १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. बिनबिलाचा धंदा असल्याने मालकाला ते झोंबलं असावं. ६,००० परत दिले आणि लिक्विड कूलर ठेवून घेतला. उरलेल्या ३,८०० साठी मी भांडलो नाही. भांडायला हवं होतं, पण सीझन होता.

जूनमध्ये पाचोऱ्याच्या एका फोटोग्राफर मित्राचा फोन आला. मशीन तापतंय, जळगावला दाखवलं, लिक्विड कूलर सांगितलाय, साडेसात हजार, नवा पीस आहे पण बॉक्स नाही. मी म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधी रेडिएटरचा एक फोटो काढून पाठव.

फोटो आला. कोपऱ्यातल्या तीन पात्या वाकलेल्या होत्या.