हॉट वायर फोम कटर: आठ महिन्यांनंतर, सगळं तारेवर अडलं

परवा फोमच्या डोंगरकड्याचा शेवटचा थर कापताना तार तुटली म्हणून लिहायला बसलो. तापलेल्या तारेने फोम कापायचा टेबलवाला कटर आहे, दर रविवारी चालतो, २८ मिमी मिनिएचरसाठी (टेबलावरच्या खेळातल्या छोट्या बाहुल्या) टेकड्या, पडक्या भिंती आणि एक अख्खा पूल त्यावर झालाय.

पण तार! कटरची तार नायक्रोमची (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू), तापली की लांबते, ढिली पडते, आणि फोम पुढे ढकलला की मधोमध मागे वाकते. वरची कड रेघेवर, खालची रेघेवर आणि मधे पोट. दोन इंची शीटच्या भिंती कापून कोपरा जोडायला गेलो की फट दिसायची. तीन महिने मला वाटायचं हीट कमी पडते म्हणून वाढवत गेलो, तर काप रुंद झाला, कडा वितळल्या, धूर वाढला (खिडकी उघडी ठेवून पंखा लावल्याशिवाय बसूच नका). मशीनच भंगार आहे असं मी चार जणांना सांगून पण टाकलं.

ते मत मागे घेतो. तारेच्या वरच्या टोकाला हार्डवेअरच्या दुकानातली १० रुपयांची स्प्रिंग बसवली, आता तार लांबली तरी ताण राहतो, हीट उलट कमी ठेवतो आणि काप सरळ येतो. कंपनीने ही स्प्रिंग आधीच का दिली नाही याचा मला अजून राग येतो.

तुटलेल्या तारेसाठी दुकानात गेलो तर सुटी तार मिळत नाही, पूर्ण आर्म (तार धरणारा दांडा) घ्या, ९०० रुपये. नाही घेतला. पुण्याच्या तापकीर गल्लीत त्याच जाडीची नायक्रोम ४० रुपयांत दोन मीटर मिळाली. गिटारची स्टील तार लावू नका, रेझिस्टन्स कमी, करंट जास्त ओढते, माझा अडॅप्टर हात लावता येणार नाही इतका तापला.

फोम एक्सपीएसच घ्या, स्लॅबवर उष्णता अडवायला टाकतात तो, साइटवर तुकडे उरतात. पांढऱ्या थर्माकोलचे दाणे सुटतात, याला दाणाच नाही त्यामुळे पेन्सिलने विटा कोरता येतात, चुरगळलेल्या फॉइलचा गोळा दाबून फिरवला की दगड तयार. स्प्रे पेंट मारायच्या आधी काळा अ‍ॅक्रिलिक आणि फेविकॉलचा हात सगळीकडे द्या, नाहीतर स्प्रे फोम खातो, माझा एक बुरूज तसाच गेला.

दिवाळीत पोरांच्या किल्ल्याचे बुरूज पण यावरच कापले. मावळे २८ मिमीपेक्षा बरेच मोठे म्हणून पायऱ्या परत मोजाव्या लागल्या, पण तटबंदी बघून पोरं जाम खूश होती.

घेणार असाल तर दुकानात चालू करायला लावा, दोन इंची तुकडा कापून पट्टी लावून बघा. मधे पोट दिसलं तर स्प्रिंगला जागा आहे का ते बघा, जागा नसेल तर घेऊ नका.