बॅरन अमेदेओ गिलेट यांच्या कारकिर्दीवरील ऑडिओ मालिका: अभिप्राय

इटलीच्या घोडदळातील अधिकारी बॅरन अमेदेओ गिलेट (१९०९–२०१०) यांच्या कारकिर्दीवरील ही ऑडिओ मालिका जरूर विकत घ्यावी. मात्र ऐकताना इरिट्रियाचा नकाशा हाताशी ठेवावा, कारण निवेदक गावांची नावे भराभर घेत पुढे जातो.

पिआचेंझा येथील जन्म, सावोय राजघराण्याची पिढ्यान्‌पिढ्या सेवा केलेले सरदार घराणे, मोदेना येथील लष्करी अकादमी, हे सारे थोडक्यात आटोपून मालिका घोड्यांकडे वळते. बर्लिन येथील १९३६ च्या ऑलिंपिकसाठी इटलीच्या अश्वारोहण संघात निवड झालेली असतानाही गिलेट यांनी इथिओपियाच्या युद्धावर जाणे पसंत केले, हा प्रसंग शौर्याचा मुलामा न चढवता सांगितला आहे. त्याच युद्धात इटलीने मस्टर्ड वायू वापरला आणि त्याची सरकारी पातळीवरील कबुली थेट १९९६ मध्ये आली, ही बाब मात्र एका वाक्यात उरकली आहे. ते मला खटकले.

मालिकेचा कळस म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४१ मध्ये, इरिट्रियातील केरू येथे झालेली चढाई. अओस्ताच्या ड्यूकने, म्हणजे इटलीच्या ताब्यातील पूर्व आफ्रिकेच्या व्हाइसरॉयने, जेमतेम लेफ्टनंट असलेल्या गिलेट यांच्या हाती इथिओपियन, इरिट्रियन आणि येमेनी स्वारांचे मोठे पथक सोपवले होते. त्या स्वारांनी तलवारी आणि हातबॉम्ब घेऊन ब्रिटिशांच्या ‘गॅझेल फोर्स’वर धाव घेतली. टापांचा आणि तोफांचा आवाज इथे बेताने वापरला असल्याने निवेदन कुठेही झाकले जात नाही. परंतु गॅझेल फोर्समध्ये ‘स्किनर्स हॉर्स’ ही नामांकित हिंदुस्थानी घोडदळ पलटण होती आणि ती एव्हाना घोडे सोडून मोटारगाड्यांवर आलेली होती, याचा मालिकेत उच्चारही नाही. समोरचे सारे सरसकट ‘ब्रिटिश’ ठरतात. गिलेट यांच्या बाजूने धारातीर्थी पडलेल्या स्थानिक स्वारांनाही चेहरा मिळत नाही, आणि या कथेतील सर्वांत जड किंमत तर त्यांनीच मोजली होती.

इरिट्रियाची राजधानी अस्मारा ब्रिटिशांच्या हाती पडल्यावर शरण न जाता चालवलेला गनिमी लढा, अहमद अब्दुल्ला अल रेदाई या नावाने घेतलेले वेषांतर आणि येमेनमध्ये तिथले राजे इमाम याह्या यांच्याकडे मिळालेला आश्रय, हे भाग रात्री जागून ऐकण्यासारखे आहेत.

त्यानंतर मात्र घाई होते. १९४६ मध्ये इटलीतील राजेशाही संपली, गिलेट परराष्ट्र सेवेत गेले, जॉर्डन आणि मोरोक्कोत राजदूत झाले आणि १९७१ मध्ये त्याच पदावर भारतात आले, एवढे सांगून निवेदन आयर्लंडमधील निवृत्तीकडे वळते. हिंदुस्थानी फौजांशी लढलेला अधिकारी तीस वर्षांनी दिल्लीत राजदूत म्हणून कसा वावरला, हे ऐकण्याची माझी फार इच्छा होती. निर्मात्यांनी त्या वर्षांवर स्वतंत्र भाग काढला, तर वेगळे पैसे मोजून तो घेण्यास मी तयार आहे.