जुनी फुल सस्पेन्शन फ्रेम: ॲल्युमिनियम घ्यावी की कार्बन?

फुटाळा-गोरेवाड्याकडचे रस्ते आणि रामटेकच्या बाजूच्या पायवाटा हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर, पुरेशा पालथ्या घातल्या की चिखलदऱ्याच्या किंवा पचमढीच्या दगडी उतारांचा विचार मनात येतो आणि त्याबरोबर फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या, सायकलचाही. नवी सायकल लाखांच्या घरात जाते, म्हणून पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरूत कुणी विकायला काढलेल्या नुसत्या फ्रेमकडे लक्ष जाते. अशा वेळी सहसा दोन पर्याय समोर असतात: थोडी जड, थोडी जुनी पण स्वस्त ॲल्युमिनियमची फ्रेम, किंवा तिच्याहून हलकी आणि महाग कार्बनची. यांपैकी कोणती जास्त टिकेल, असा प्रश्न नागपुरातले मित्र विचारतात तेव्हा त्यांच्या मनात नळ्या असतात. माझे मत असे आहे की जुन्या फुल सस्पेन्शन फ्रेमचे उरलेले आयुष्य नळ्यांपेक्षा तिच्या सांध्यांवर, म्हणजे पिव्हट (मागचा भाग ज्यांवर वर-खाली हलतो ते बिजागरीसारखे सांधे), बेअरिंगची घरे आणि शॉक (मागचे धक्के झेलणारा भाग) जिथे बसतो त्या जागांवर, अधिक अवलंबून असते. धातू की कार्बन हा प्रश्न त्यानंतर येतो.

तरीही नळ्यांची तुलना आधी करू, कारण दोन्ही साहित्ये वेगवेगळ्या रीतीने थकतात. पोलादाला एक ठरावीक मर्यादा असते, जिच्याखालचा ताण ते जवळजवळ कितीही वेळा सहन करते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक धक्का, लहान असला तरी, थोडासा हिशेब पुढे सरकवतो, म्हणून फ्रेमचे वय वर्षांत न मोजता ती किती आणि कशी चालवली गेली यावरून धरावे. दहा वर्षे बहुतेक काळ गॅलरीत उभी राहिलेली फ्रेम तीन वर्षे बाइक पार्कमध्ये उड्या घेतलेल्या फ्रेमपेक्षा खूप तरुण असू शकते. आयएसओ ४२१० या सुरक्षा-मानकात फ्रेमची पेडलिंगच्या बलाची थकवा-चाचणी १,००,००० आवर्तनांची असते. ती किमान पात्रतेची परीक्षा आहे, आयुष्याची हमी नाही.

ॲल्युमिनियममध्ये तडा बहुधा वेल्डच्या कडेला सुरू होतो, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला धातू बदललेला असतो आणि आकारही तिथेच अचानक बदलतो. हेडट्यूब (फोर्क बसतो ती पुढची आखूड नळी) आणि डाउनट्यूब (तिथून पेडलकडे उतरणारी नळी) यांचा जोड, सीटट्यूबची (सीटखालच्या नळीची) वरची खाच, बॉटम ब्रॅकेटजवळचा (पेडलचा आस फिरतो त्या घराजवळचा) मुख्य पिव्हट, चेनस्टेमधला (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांमधला) आडवा पूल आणि शॉकचे माउंट या जागा भर उन्हात, भिंग घेऊन आणि स्वच्छ पुसून पाहाव्यात. रंगातली रेघ आणि धातूतला तडा यांत फरक करणे अवघड असते. रंगाची रेघ वेल्डपासून दूर असेल, वेडीवाकडी असेल आणि तिच्या कडा उडालेल्या असतील, तर ती बहुधा रंगापुरतीच असते. वेल्डच्या पायथ्याला समांतर धावणारी, केसाएवढी बारीक आणि पुसल्यानंतर थोड्या वेळाने पुन्हा काळसर दिसणारी रेघ मात्र संशयास्पद समजावी. खात्रीच करायची असेल तर त्या जागेचा रंग काढून डाय पेनिट्रंटची तपासणी करता येते. लाल द्रव लावायचा, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. फॅब्रिकेशनच्या कामात ही पद्धत नेहमीची असल्यामुळे हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत ओळख असलेल्याला ती फारशी अवघड जाऊ नये.

तडा सापडला तर "आर्गन मारून घेऊ", म्हणजे आर्गन वेल्डिंगने सांधून घेऊ, असे सांगणारे लोक भेटतील. त्यांचे ऐकू नये. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची ताकद टी-६ नावाच्या उष्णता-प्रक्रियेतून येते, आणि पुन्हा वेल्डिंग केले की त्या पट्ट्यातली ताकद जवळजवळ निम्म्यापर्यंत उतरू शकते. ती परत आणायची तर पूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सियसला तापवून, झटक्यात थंड करून, मग कमी तापमानावर कित्येक तास ठेवावी लागते, आणि एवढे करताना पिव्हटची सरळ रेषा वाकडी होण्याचा धोका असतोच. हेडट्यूबपाशी अशी पुन्हा वेल्ड केलेली फ्रेम तर कितीही स्वस्त मिळाली तरी नाकारावी. ती तुटते तेव्हा स्वार उतारावर असतो आणि पडतो तो तोंडावर.

कार्बनचे वागणे याच्या उलट आहे. नीट बनवलेली कार्बन फ्रेम नेहमीच्या भाराने फारशी थकत नाही, पण एका जागी बसलेला टोकदार मार तिला आतून विलग करू शकतो आणि बाहेरच्या वार्निशवर फक्त एक नखाएवढी खूण राहते. डाउनट्यूबचा तळ, जिथे पुढच्या चाकाने उडवलेले दगड बसतात, चेनस्टेची आतली बाजू, जिथे अडकलेली साखळी चरे पाडते, आणि वरची नळी, जिच्यावर पडताना हँडल आदळते, या तीन जागा पहिल्यांदा बघाव्यात. नाण्याने हलके ठोकत गेल्यास निरोगी भागाचा आवाज टणक येतो आणि थर सुटलेल्या भागाचा बोदा. मात्र नळीची जाडी मुळातच जागोजागी बदलत असल्याने आवाजही बदलतो. म्हणून डाव्या बाजूची तुलना उजव्या बाजूच्या त्याच जागेशी करावी, शेजारच्या जागेशी नव्हे. नव्याने रंगवलेली जुनी कार्बन फ्रेम माझ्या मते दुरून घेऊच नये, कारण रंगाखाली काय आहे हे विकणाऱ्याच्या शब्दावरच मानावे लागते.

कार्बनची दुरुस्ती मात्र शक्य असते. खराब थर उतरते घासून नवे थर चढवतात आणि नळीच्या मध्यावर केलेले असे काम वर्षानुवर्षे टिकते. पिव्हटजवळ किंवा बॉटम ब्रॅकेटच्या घराजवळ मार असेल तर गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे कार्बनमध्ये ॲल्युमिनियमच्या बाही चिकटवलेल्या असतात. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मध्ये घाम किंवा खारे पाणी राहिले की ॲल्युमिनियम गंजते, पांढरी भुकटी दिसते आणि कडेचा रंग फुगतो. मुंबईत समुद्राजवळ वापरलेल्या फ्रेमवर हे मुद्दाम शोधावे. नागपूरच्या उन्हाळ्याची धास्ती मात्र अनाठायी आहे: पंचेचाळीस अंशांच्या हवेत सावलीत ठेवलेल्या चांगल्या फ्रेमच्या रेझिनला, म्हणजे कार्बनचे धागे बांधून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला, काही होत नाही. उन्हाचा खरा परिणाम शॉकवर दिसतो. सकाळी पंचवीस अंशांना भरलेली हवा पंचेचाळीस अंशांवर साधारण सहा-सात टक्के जास्त दाबाची होते, त्यामुळे सॅग, म्हणजे स्वार बसल्यावर शॉक जितका दबतो ते प्रमाण, दुपारी वेगळा येतो.

आता सांध्यांकडे वळू, कारण आपल्या भागात फ्रेम झिजते ती तिथेच. इथल्या पावसाळ्यातली काळी चिकण माती चेनस्टे आणि टायर यांच्या मध्ये बसते, मुख्य पिव्हटभोवती वाळते आणि पुढच्या फेरीत घासत राहते. केबलच्या आवरणाखाली अडकलेली हीच माती कार्बनच्या नळीत खोल चर पाडू शकते. त्यातच चारचाकी धुण्याच्या सर्व्हिसिंग सेंटरवर जोरदार फवाऱ्याने सायकल धुण्याची सवय असेल तर बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जाते आणि ग्रीस बाहेर येते. पिव्हटचे बेअरिंग पूर्ण फिरत नाही, काही अंशच पुढे-मागे होते, म्हणून गोळ्या त्याच जागी दाबत राहतात आणि वाटीत खळगे पडतात.

याची तपासणी सोपी आहे, पण विकणाऱ्याची तयारी लागते. शॉकचा एक बोल्ट काढून शॉक बाजूला करावा आणि मागचा त्रिकोण, म्हणजे चाक धरणारा फ्रेमचा मागचा हलता भाग, हाताने वर-खाली न्यावा. तो स्वतःच्या वजनाने न अडखळता खाली पडला पाहिजे. दाणेदार किंवा अडखळत चालणे म्हणजे बेअरिंग संपले आहे. मग मागच्या ड्रॉपआउटला, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो त्या जागेला, धरून आडवे हलवावे. खडखड जाणवली तर ती बेअरिंगची आहे, बोल्टची आहे की घराची, हे शोधावे. शॉक जोडलेला असताना स्प्रिंगच्या दाबाखाली हे सगळे लपते, म्हणून जोडलेल्या शॉकवर फ्रेम "मस्त चालते" हे वाक्य ऐकून पैसे देऊ नयेत.

बेअरिंग संपणे हा दोष नाही, तो खर्च आहे. बहुतेक पिव्हटमध्ये ६९०२, ६८०२, ६९००, ६००१ अशा प्रमाण मापांची बेअरिंगे असतात आणि त्या क्रमांकाने ती औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात मिळतात. कंपनीने दिलेली बेअरिंगे अनेकदा पिंजरा नसलेली, जास्त गोळ्यांची असतात आणि कमी फिरणाऱ्या जागी तीच अधिक भार पेलतात; साधे पिंजऱ्याचे बेअरिंग बसते, पण लवकर बदलावे लागते. खरी अडचण आहे घराची. बेअरिंग जिथे दाबून बसते ते भोक अंडाकृती झाले असेल, नवे बेअरिंग बोटाने आत जात असेल, तर ॲल्युमिनियममध्ये फार थोड्या फटीपुरता रिटेनिंग कंपाउंडने (बेअरिंग घट्ट धरणाऱ्या चिकट द्रवाने) उपाय होतो आणि पुढे लेथवाल्याकडून बुश घालण्याचा विचार करता येतो. कार्बनमध्ये हे काम फार थोड्यांना नीट जमते. सैल बोल्टवर महिनोन्महिने चालवलेल्या फ्रेमची हीच अवस्था असते. म्हणून विकणाऱ्याला बेअरिंग कधी बदलली हे विचारण्याआधी, पिव्हट बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून कसणाऱ्या पान्याने) कसले जात होते का, हे विचारावे.

रचनेतही फरक पडतो. एका पिव्हटच्या साध्या स्विंगआर्ममध्ये बेअरिंगे कमी, पण त्यांच्यावर आडवा ताण मोठा असतो. चार दांड्यांच्या रचनेत, ज्यात हॉर्स्ट लिंक येते, पिव्हट अधिक असतात आणि चेनस्टेवरचा मागचा पिव्हट चिखलाच्या अगदी जवळ असतो. दोन छोट्या लिंकांच्या रचनेत, व्हीपीपी किंवा डीडब्ल्यू-लिंकमध्ये, खालची लिंक बॉटम ब्रॅकेटजवळ माती गोळा करते. काही व्हीपीपी फ्रेममध्ये त्या लिंकवर ग्रीस भरण्याची सोय असते आणि आपल्या पावसाळ्यात ती फार मोलाची ठरते. रचनांच्या श्रेष्ठतेवर वाद घालण्यापेक्षा त्या विशिष्ट मॉडेलचे पिव्हट बोल्ट, ॲक्सल आणि लिंक आज मागवता येतात का, हे पाहावे. बेअरिंग बाजारात मिळते. विशिष्ट आकाराचा पोकळ पिव्हट ॲक्सल मिळत नाही.

जुन्या मापांची तक्रारही टिकाऊपणाचीच आहे, कारण न तुटलेली पण सुटे भाग न मिळणारी फ्रेम भिंतीला टांगूनच ठेवावी लागते. सरळ हेडट्यूब, १३५ मिलिमीटरचे क्विक रिलीज आणि २६ इंची चाके असलेली फ्रेम घेणाऱ्याने पुढच्या फोर्कचा आणि चाकांचा शोध आधीच लावून ठेवावा. मागच्या ड्रॉपआउटमध्ये १४८ मिलिमीटरचे बूस्ट अंतर, टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी) हेडट्यूब आणि आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असेल तर पुढची काही वर्षे निभावतात. हॅंगर म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा; २०१९ मध्ये आलेला युनिव्हर्सल हॅंगर असलेल्या फ्रेमला त्याची चिंता नाही. तो नसलेल्या फ्रेमसोबत एक जादा हॅंगर मागून घ्यावाच.

शॉकचे माप तर काटेकोर पाहावे. २०१६ नंतर मेट्रिक मापे रूढ झाली आणि २०० बाय ५७ (लांबी आणि स्ट्रोक, म्हणजे शॉक जितका दबतो ते अंतर, मिलिमीटरमध्ये) सारखी जुनी मापे मागे पडू लागली. विकणाऱ्याने आधी जास्त स्ट्रोकचा शॉक घातला असेल तर मागचे टायर सीटट्यूबला किंवा लिंक नळीला आपटलेली असते, म्हणून सीटट्यूबच्या मागच्या बाजूला घासल्याची किंवा पोचा पडल्याची खूण शोधावी. कंपनीने सांगितल्यापेक्षा लांब फोर्क लावून चालवलेल्या फ्रेमचा हेडट्यूबचा जोड असाच दुहेरी काळजीने तपासावा. फॉक्स ही कंपनी आपल्या शॉकची पूर्ण सर्व्हिस १२५ तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, सांगते. जुन्या फ्रेमसोबत येणारा शॉक या हिशेबात जवळजवळ नेहमी थकबाकीत असतो आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

हमी दोन्ही पर्यायांत सारखीच कमकुवत आहे. बहुतेक कंपन्या फ्रेमची हमी पहिल्या मालकापुरतीच देतात, त्यामुळे मूळ बिल हातात आले तरी त्याचा उपयोग मुख्यतः मालकी सिद्ध करण्यापुरता. बॉटम ब्रॅकेटखालचा अनुक्रमांक खरवडलेला असेल तर पुढे बोलू नये. तो स्पष्ट असेल तर त्यावरून मॉडेल वर्ष काढावे आणि कंपनीने ती फ्रेम कधी परत मागवली होती का, ते पाहावे.

या सगळ्यानंतर निवड सांगायची तर, नागपुरात राहणाऱ्या आणि वर्षातून काही वेळाच डोंगरात जाणाऱ्या स्वाराला मी ॲल्युमिनियमची, बूस्ट मापाची आणि अजूनही सुटे भाग मिळणाऱ्या मॉडेलची फ्रेम घ्यायला सांगेन, तीही अशा मालकाकडून जो तिचा शॉक तुमच्यासमोर काढायला तयार आहे. तिचे दोष डोळ्यांना दिसतात आणि हाताला जाणवतात. कार्बनचे पुष्कळसे दोष ठोकून, अंदाजाने ओळखावे लागतात. कार्बन घ्यायचीच असेल तर स्वतः जाऊन पाहता येईल अशा शहरातली घ्यावी आणि वाचणारे वजन हे एकमेव कारण नसावे. आठवड्याची फेरी अंबाझरी, सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्यापुरतीच असेल, तर त्याच पैशात येणारी नवी, चांगल्या फोर्कची हार्डटेल अधिक वर्षे कमी त्रासात चालेल. तिला मागे पिव्हटच नाहीत.

नुसत्या फ्रेमऐवजी पूर्ण सायकल मिळत असेल तर ती चालवून पाहता येते, पण नुसत्या फ्रेमवर क्रॅंक, सीटपोस्ट आणि फोर्क नसल्यामुळे झाकलेल्या जागा उघड्या दिसतात. म्हणून फ्रेम पार्सलने मागवणार असाल तर बॉटम ब्रॅकेटचे घर, सीटट्यूबची आतली बाजू आणि हेडट्यूबच्या दोन्ही वाट्या यांचे फोटो उजेडात काढून मागावेत, शॉक काढून मागचा त्रिकोण हलवतानाचा व्हिडिओ मागावा, आणि पॅकिंग करताना मागच्या ड्रॉपआउटच्या मध्ये ठोकळा किंवा ॲक्सल घालायला स्पष्ट सांगावे, कारण इतकी तपासलेली फ्रेम वाहतुकीत इतर सामानाखाली दबली तर नेमका मागचा त्रिकोण आत चेपतो.