दहावी बीजगणिताचं गाइड (जुनी प्रत): उत्तर ‘म’पाशीच संपतं

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून १२० रुपयांना घेतलं. मी डबे करते, यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून (म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून) दहावीला बसतेय. शिकवणी परवडत नाही, त्यामुळे माझा सगळा भार ह्या गाइडवर.

वर्गसमीकरणांच्या शेवटी ‘जादा सराव’ आहे. सगळी गणितं सोंग घेऊन आलेली. पहिलंच बघा: क्षचा चौथा घात, वजा १३ क्षवर्ग, अधिक ३६ बरोबर ०. चौथा घात दिसला आणि मी वही मिटली. पण गाइडमध्ये एक ओळ होती, ‘समजा, क्षवर्ग = म’. मग उरतं काय, तर मवर्ग वजा १३म अधिक ३६. म्हणजे (म − ४)(म − ९). अहो, हे तर रोजचंच! कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत सुटलं.

आता तक्रार. उत्तर छापलंय ४ आणि ९. ती मची झाली, क्ष कुठे गेला? मी मूळ समीकरणात ४ घालून बघितले: २५६ − २०८ + ३६ = ८४. शून्य काही येईना. दोन संध्याकाळी स्वतःलाच ढ म्हणत बसले. खरी उत्तरं चार आहेत: २, −२, ३, −३.

दुसरीकडे उलटा घोळ. क्ष वजा क्षचं वर्गमूळ वजा ६ बरोबर ०. वर्गमूळाला म धरलं की म ३ किंवा −२. गाइडने दोन्हींचे वर्ग करून ९ आणि ४ देऊन टाकलेत. √ चिन्हातलं वर्गमूळ कधी ऋण, −२, असतं का? ४ घालून बघा, ४ − २ − ६, म्हणजे −४. उत्तर फक्त ९.

एक गणित मात्र फार सुरेख समजावलंय. २(क्षवर्ग + १/क्षवर्ग) − ९(क्ष + १/क्ष) + १४ = ०. क्ष + १/क्षला म धरायचं. त्याचा वर्ग केला की मधे २ जास्तीचे येतात, म्हणून पहिल्या कंसात मवर्ग − २, हे वेगळ्या चौकटीत दिलंय. म आला २ आणि ५/२, आणि इथे क्षपर्यंत नीट नेलंय: १, २, १/२. म्हणजे लिहिणाऱ्याला येत होतं, तपासणाऱ्याने डोळे मिटले.

पाचपैकी तीन तारे. परीक्षा झाली की हीच प्रत त्याच दुकानात परत देणार आहे. कुणाच्या हाती आली, तर पेन्सिलीने लिहिलेलं खोडू नका.