जागलीला कोणतं नेऊ? फिलिप के. डिकच्या दोन कादंबऱ्या

माझा भाचा आर्वीकडे शेती करतो. हरभरा-गव्हाच्या दिवसांत थ्री फेज लाईन रात्रीची असली की ओलितही रात्रीच. ओलित नसलं तरी रोही-डुकरांपायी जागल चुकत नाही. मचाणावर बसून तो वाचत असतो. परवा त्याचा फोन आला, "मामा, डिकची दोन पुस्तकं भेटली. आंधी कोनतं वाचू?" डिक म्हणजे अमेरिकन विज्ञानकथालेखक फिलिप के. डिक.

एक 'टाइम आउट ऑफ जॉइंट', १९५९चं. दुसरं 'युबिक', १९६९चं. दोन्ही साधारण दोनशे पानांची, आणि दोन्हींच्या पोटात एकच प्रश्न: समोर दिसतंय ते खरंच आहे का?

मी त्याला म्हटलं, १९५९चं आधी घे.

त्यात रॅगल गम नावाचा माणूस अमेरिकेतल्या एका साध्या गावात बहीण-मेहुण्याकडे राहतो. 'हिरवा माणूस पुढे कुठे दिसेल' ही पेपरातली रोजची स्पर्धा जिंकायची, हेच त्याचं पोटापाण्याचं साधन. एक दिवस शीतपेयाचं दुकान त्याच्या डोळ्यांदेखत विरून जातं. जागेवर उरते एक चिठ्ठी, तिच्यावर छापलेलं: 'सॉफ्ट-ड्रिंक स्टँड'. दोरी-सापाचा दृष्टांत आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकलाय. रात्री वावरात पाइपावर पाय पडला की तो अनुभवतोही. पण तिथे भ्रम गेला की निदान दोरी तरी हाती लागते. इथे वस्तू जाते आणि तिचं नुसतं नाव उरतं.

मला त्याहून जास्त भिडला तो मेहुण्याचा प्रसंग. व्हिक अंधारात ओढून दिवा लावायची दोरी चाचपडतो. दोरी नसतेच, भिंतीवर बटण असतं, आणि त्या घरात पहिल्यापासून बटणच आहे. मग हाताला दोरीची सवय लागली कुठून? आमचं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं त्याला सहा वर्षं झाली, तरी लाईन गेली की माझा हात काडेपेटीसाठी देवळीकडे जातो आणि गुळगुळीत प्लास्टरला लागतो. पण मला ती देवळी आठवते. व्हिकला दोरी आठवत नाही, फक्त त्याच्या हाताला आठवते. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

भाषा सोपी, माणसं घरातली, संशय हळूहळू वाढत जातो. पहिल्या आवृत्तीवर विज्ञानकादंबरी असा शिक्काही नव्हता. मध्येच मोटर बघायला उठलात तरी धागा सुटत नाही. शेवट मात्र घाईचा आहे. सगळ्याचं कारण कळतं आणि आधीच्या भीतीपुढे ते कारण तोकडं पडतं.

'युबिक'मध्ये असं काही हाती देत नाहीत. सुरुवात अवघड आहे: काळ १९९२, परचित्त ओळखणारे लोक, त्यांची शक्ती मारणारे लोक, आणि मेल्यावरही थंड पेटीत काही काळ बोलू शकणारी माणसं. शक्ती मारणाऱ्यांच्या कंपनीचा मालक रन्सिटर धंद्याचा सल्ला घ्यायला झुरिकला थंड पेटीतल्या आपल्या बायकोकडे जातो. पहिल्या तीन प्रकरणांत इतके नवे शब्द येतात की पेंगत वाचणाऱ्याची वाट चुकणारच.

पुढे चंद्रावर स्फोट होतो आणि मग पुस्तक सोडवत नाही. सिगारेटचा चुरा होतो, नाण्यांवर रन्सिटरचा चेहरा उमटतो, आजूबाजूच्या वस्तू मागच्या काळात सरकत थेट १९३९पर्यंत जातात. रन्सिटरच्या हाताखालचा जो चिप नावाचा माणूस जीव जात असताना हॉटेलचा जिना एकेक पायरी चढतो, ते वर्णन मी तीनदा वाचलंय. तिथे 'खरं काय' हा प्रश्न डोक्यातला राहत नाही. पुढच्या पायरीवर पाय टेकेल का, एवढाच तो होतो.

एकच पुस्तक वाचायचं असेल तर बेशक 'युबिक'. ते मोठं पुस्तक आहे, दुसरं चांगलं आहे. पण तुकड्या-तुकड्यांनी, टॉर्चच्या उजेडात वाचायचं असेल आणि इंग्रजीची सवय नुकतीच लागत असेल, तर आधी रॅगल गम. भाच्याला तेच सांगितलं: 'युबिक' हरभरा निघेपर्यंत ठेव. मग एखाद्या मोकळ्या दिवशी सकाळीच घे, आणि चौथ्या प्रकरणाच्या आत खाली ठेवू नको.